मोटेची वहाण

उपकाराची परमावधी सांगावयाची झाली म्हणजे आपण म्हणतो, "माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी हे ऋण फिटणार नाही." लग्नकार्यात, निरोपसमारंभात आणि नाटकांतून हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यात कातडे देणारा, ते कमावणारा, जोडा शिवणारा आणि तो पायात घालणारा अशी चार माणसे उभी आहेत, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. देणाऱ्याचे आणि घालणाऱ्याचे नाते आपण बोलून दाखवितो. मधल्या दोघांचा उल्लेख मात्र आपल्या भाषेने कृतज्ञतेच्या या परमोच्च उद्गारातही केलेला नाही. त्या मधल्या दोघांविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, ते सुरतेच्या पांडेसरा भागात तुटलेली वहाण हातात घेऊन बसलो असताना.

सुरतेजवळील उधना स्थानकापासून जळगावकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून टाकण्यात आला. पुढे सुरतेत यंत्रमाग वाढले, रंगाई-छपाईचे कारखाने उभे राहिले, आणि याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी तेथे जाऊन स्थायिक झाली. उधन्याला लागून असलेल्या पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आज एकाच चहाच्या टपरीवर ओडिया, भोजपुरी, गुजराती आणि अहिराणी वळणाची मराठी कानी पडते. तेथील एका रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत पोत्यावर बसलेल्या एका खानदेशी कारागिरापुढे आम्ही आमची वहाण ठेवली. तिचा अंगठा तुटला होता आणि टाचेकडचा तळ झिजला होता.

त्याच्यापाशी भांडवल ते काय! एक रापी, दोन आऱ्या, दाभण, मेण लावलेला दोरा, लोखंडी तिवई आणि कातडे भिजत घालण्याची कुंडी. शेजारच्या पेटीत मात्र साऱ्या वसाहतीचे अवशेष गोळा झालेले होते. बाद झालेल्या यंत्राच्या पट्ट्याचे तुकडे, मालमोटारीच्या टायरची साल, कोणा कारकुनाच्या जीर्ण बॅगेची बाजू, रेक्झिनच्या चिंध्या, आणि या सर्वांहून वेगळी, कागदात गुंडाळून ठेवलेली नव्या चामड्याची एक अरुंद पट्टी. त्याने टाचेस जुन्या पट्ट्याचा तुकडा लावला. अंगठ्यासाठी मात्र कागद उलगडून नवी पट्टी कापली. जेथे नुसता भार येतो तेथे जुने चालते, पण जेथे ओढ बसते तेथे नवेच लागते, असे त्याने आम्हांस समजावून दिले. हे ज्ञान कोठून मिळाले, असे विचारता तो म्हणाला की, त्याचे आजोबा गावी मोटेच्या वहाणा करीत असत. मोटेची वहाण! हा शब्द ऐकून आमच्या मनात कितीतरी वर्षांचे एक दालन उघडले.

ज्या गुजरातेत तो आज बसला आहे, तेथील चर्मकलेची कीर्ती फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने गुजरातेतील तांबड्या व निळ्या चामड्याच्या चटयांचे वर्णन करून ठेविले आहे. त्यांवर पशुपक्ष्यांच्या आकृती असत व सोन्यारुप्याच्या तारेचे भरतकाम असे. कमावलेल्या कातड्यांनी भरलेली अनेक गलबते दरवर्षी अरबस्तानाकडे जात, असेही तो सांगतो. ही चामडी कोणी कमावली, त्या चटया कोणी शिवल्या, याचा मात्र त्याने पत्ता दिलेला नाही. पुढील सातशे वर्षांच्या लिखाणातही याहून फारसे निराळे आढळत नाही.

आपल्या देशावर चामड्याचे स्थान राजवाड्यापेक्षा विहिरीवर अधिक होते. तेल-तुपाचे बुधले, पाण्याच्या पखाली, आसुडाच्या वाद्या, बैलांच्या गळ्यातील घुंगरांचे पट्टे, ढोल, हलगी, आणि या सर्वांत थोरली ती मोट. एका खेपेस शंभर लिटरांहून अधिक पाणी उपसणारी, खाली सोंड असलेली ही चामड्याची पिशवी नाड्याला व सोंदुराला बांधून, धावेवर बैल उतरवून ओढीत. गावचा मळा हिरवा राहणे या पिशवीच्या शिवणीवर अवलंबून असे. ऐन उन्हाळ्यात मोट उसवली तर पीक वाळून जावयाचे. म्हणून गावगाड्यात चर्मकाराला बलुत्याचा मान होता, म्हणजे वर्षाकाठी खळ्यावर धान्याचा वाटा होता. मान हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. वाटा मागावयास त्याला खळ्याच्या बाहेर उभे राहावे लागे, आणि ज्या विहिरीचे पाणी त्याच्या हातच्या मोटेतून वर येई, त्या विहिरीला त्याने हात लावलेला गावाला चालत नसे.

या मोटेचे आयुष्य सरले म्हणजे तिचे दुसरे आयुष्य सुरू होई. पाण्यात भिजून, उन्हात वाळून आणि वरचेवर तेल पिऊन ते कातडे मुरलेले असे. तोंडाजवळचा व तळाचा भाग विरून गेलेला असला तरी मधल्या बाजू जाड व चिवट राहत. चर्मकार त्या उलगडून, भिजवून, उन्हात ताणून ठेवी आणि त्यांतून वहाणांचे तळ कापी. कातड्याची जाण ती येथेच दिसे. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट व दाट असते, पोटाकडचे सैल व ढिले. म्हणून पाठीचा भाग जमिनीकडे आणि पोटाचा भाग दोन थरांमध्ये भरण म्हणून जावयाचा. बंद व अंगठा यांसाठी तेवढे नवे चामडे. पांडेसऱ्यात आमच्यासमोर जे घडले ते नेमके हेच होते. शेतकऱ्याला स्वस्त व दणकट वहाण मिळे, आणि नव्या कातड्याला पैसा नसलेल्या कारागिराला धंदा मिळे. काटकसर हा येथे कोणी उपदेशिलेला सद्गुण नव्हता. ती गरज होती, आणि गरजेतून उपजलेली विद्या होती.

नवे कातडे हाती येणे किती कष्टाचे होते, हेही सांगितले पाहिजे. मेलेले जनावर ओढून नेणे, ते सोलणे, कमावणे आणि शिवणे ही कामे गावोगाव जातींत वाटलेली होती. महारांनी ओढावे, ढोरांनी कमवावे, चांभारांनी शिवावे अशी बहुतेक गावांची रीत होती. चुन्याच्या कुंडात कातडे मुरवून केस काढावयाचे, मांसाचे अवशेष खरवडावयाचे, मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात ते पिकवावयाचे. कोल्हापूरकडील जुन्या पद्धतीत तर कातडेच पिशवीसारखे शिवून टांगतात आणि त्यात सालीचे पाणी भरून ठेवतात. पाणी हळूहळू पाझरते व पाझरता पाझरता कातडे चामडे होते. या साऱ्यास दिवस नव्हे, आठवडे लागतात. त्याचा वास अंगाला चिकटतो, चुन्याने हात फाटतात. या वासाचे निमित्त करून गावाने ही घरे वेशीबाहेर ठेवली, आणि त्याच कातड्याच्या करकरत्या वहाणा घालून गाव देवळाच्या पायरीपर्यंत गेला.

आपल्या भाषेनेही या अन्यायात आपला वाटा उचलला. संस्कृत उपानहापासून आपली वहाण आली, कोंकणीतील व्हाणही त्याच घरची, आणि चर्मकार या शब्दाचाच पुढे चांभार झाला. शब्दाचे मूळ असे निष्कलंक असता, नसत्या उठाठेवीला आपण चांभारचौकशी हे नाव देऊन मोकळे झालो. वास्तविक चौकशी हा तर त्या कारागिराचा गुण होय. कोणता पाय कोठे झिजवितो, कोणती शिवण कोठे उसवते, हे पाहिल्यावाचून त्याचे काम होणार कसे?

प्रारंभी दिलेल्या वाक्प्रचाराला सीमाभागात एक कथा चिकटलेली आहे. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, हरळय्या नावाचा चर्मकार शरण होऊन गेला. बसवेश्वरांनी आपल्या वंदनाला अधिक नम्र प्रतिवंदन केले, या ऋणाने व्याकुळ होऊन त्याने व त्याच्या पत्नीने आपल्या मांड्यांचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे केली, अशी परंपरा आहे. आपण जे नुसते म्हणतो ते या दांपत्याने केले, असे लोक मानतात. पुढे हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला आणि त्याबद्दल दोन्ही बापांना देहदंड भोगावा लागला, असेही हीच परंपरा सांगते. जोडा स्वीकारण्यास समाज तयार असतो, सोयरीक स्वीकारण्यास नसतो. कथेचे हे उत्तरार्ध आपण सोयीस्कररीत्या विसरलो.

अर्वाचीन काळात या धंद्याकडे दोन थोर पुरुषांनी दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहिले. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत स्वतः चपला शिवावयास शिकले. तेथे त्यांना तुरुंगात टाकणाऱ्या जनरल स्मट्स यांना त्यांनी १९१४ साली स्वतः केलेला एक जोड दिला, आणि स्मट्स यांनी तो १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, आदराने परत पाठविला. १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. कत्तलीचे नव्हे, तर आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे स्वच्छ व शास्त्रशुद्ध रीतीने कमवावे, हाडे-मांसाचे खत करावे, काहीच वाया जाऊ देऊ नये, असा तेथील दृष्टिकोन होता. टाकून दिलेल्या वस्तूचा उद्धार म्हणून या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रश्न याहून वेगळा होता. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत त्यांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस खाण्याचे सोडा, उष्ट्यावर जगू नका, असे बजावले. काम प्रतिष्ठित आहे असे सांगून जन्माने लादलेले काम गोड होत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. आम्हांस वाटते की, कातड्याच्या इतिहासात हे दोन्ही विचार एकमेकांशेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत. पहिल्यावाचून कलेला मोल येत नाही, आणि दुसऱ्यावाचून कलावंताला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तरी हा प्रश्न मिटला नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उनाजवळ मृत गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात मारहाण झाली. त्यानंतर गुजरातेत हजारोंनी मेलेली जनावरे न उचलण्याची शपथ घेतली, तेव्हा गावोगावच्या लोकांना प्रथमच कळले असेल की हे काम आजवर कोण करीत होते.

इतक्यात धंद्याचे स्वरूपही पालटत गेले. १८८४ साली अमेरिकेत क्रोमक्षाराने कातडे कमावण्याची रीत निघाली, आणि १९०३ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेस तिचे प्रयोग सुरू केले. पाण्यात न कुजणाऱ्या या चामड्याच्या मोटा करता येतील, हाही त्यांच्यापुढील एक हेतू होता. साल-हिरड्याच्या चामड्याला जे आठवडे लागत ते काम आता थोड्या दिवसांत होऊ लागले. मात्र भिजवून हाताने घडविलेला आकार धरून ठेवण्याचा सालीच्या चामड्याचा गुण या नव्या चामड्यात नाही, म्हणून हातकामाच्या वहाणेला जुनी पद्धतच मानवली. गिरण्यांनीही चामडे मागितले. मागावरील धोट्याला फेकणारा पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असे, सूत कातणाऱ्या यंत्राच्या रुळांवर मेंढीचे चामडे चढवीत, आणि सारी यंत्रे चामडी पट्ट्यांवर फिरत. सुरतेच्या मागांचे चामड्याशी असलेले हे नाते आता नायलॉन व तत्सम द्रव्यांनी जवळजवळ तोडले आहे.

मोटेचे मरण इंजिनाने आणले. १९४६ साली पुण्यास किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना निघाला, पुढे विजेचे पंप आले, आणि दोन-तीन दशकांत धावा ओस पडल्या. शेतकऱ्याचे व बैलांचे कष्ट वाचले, याचे दुःख कोणी करू नये. परंतु मोटेबरोबर चर्मकाराचा बलुत्याचा हक्क गेला आणि त्याचा जुन्या चामड्याचा साठाही आटला. ज्या सडकांवरून इंजिने आली त्याच सडकांवरून मालमोटारी आल्या, आणि त्यांच्या झिजलेल्या टायरांनी मोटेची जागा घेतली. टायरच्या तळाची चप्पल खेडोपाडी पसरली. पुढे रबरी हवाई चपलांनी तिचीही गरज कमी केली. मुंबईत धारावीच्या कारखान्यांत पिशव्या व पट्टे कापताना उरणाऱ्या कतरणीतून पाकिटे व किल्ल्यांच्या साखळ्या होऊ लागल्या. साधन बदलले, पण टाकलेल्यातून टिकाऊ ते निवडण्याची विद्या तीच राहिली.

ही विद्या केवळ वहाणेपुरती नाही, हे गोमंतकातील वाचकांस सांगावयास नको. घुमटाच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाल्यावर वाजंत्र्यांनी व घुमट मढविणाऱ्यांनी बकऱ्याच्या कातड्यावर तोच नाद उतरविण्याचा यत्न केला. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा दर्जा दिला. नाद टिकविण्यासाठी कातडे बदलावे लागते, आणि कातडे बदलूनही नाद टिकविणारा हात असावा लागतो.

उरली ती कोल्हापुरी. राजर्षी शाहू महाराजांच्या उत्तेजनाने वाढलेला हा धंदा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत पसरला आहे. या आठांना मिळून २०१९ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण लाभले. दोन राज्यांत सीमेवरून कितीही वाद असोत, वहाणेने तो वाद मानलेला नाही. कापशी, पायताण, बक्कलनाली, कचकडी, पुकारी अशी तिच्या घाटांची नावे आहेत. तिला खिळा लागत नाही. तळ म्हशीच्या चामड्याचा, शिवण हाताची, आणि नाजूक वेणी बहुधा घरातील बायकांच्या बोटांची. १ मे १९७४ रोजी स्थापन झालेले महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ तिचा पुरस्कार करीत आले आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने आपल्या प्रदर्शनात याच घाटाच्या चपला आणल्या. प्रारंभी त्यांच्या मूळ गावाचा उल्लेख नव्हता. गवगवा झाल्यावर पेढीने ते ऋण मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार केला. मार्को पोलोपासून चालत आलेली अनामिकता निदान एकदा तरी प्रश्नास कारण झाली, हे आम्ही लहान मानीत नाही. मात्र नाव मिळाले ते जिल्ह्यांना. शिवणाऱ्या हाताला त्यातून काय मिळते, यावर या साऱ्याची परीक्षा व्हावयाची आहे.

आज जगात जुन्या वस्तूंतून नव्या वस्तू करण्याचा मोठा गाजावाजा आहे. जुन्या जाकिटाची पिशवी, जुन्या पिशवीचे पाकीट शहरी दुकानांत चढ्या किमतीस विकले जाते, आणि ते योग्यच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ही विद्या नवी नाही. आपल्या गावांत ती शतकानुशतके होती, फक्त ज्यांच्या हाती होती त्यांना आपण शहाणे समजत नव्हतो. मोटेला आपण दुसरा जन्म घेऊ दिला, त्या चर्मकाराला मात्र त्याच्या पहिल्या जन्मातच डांबून ठेवले. त्याचा नातू खानदेश सोडून पांडेसऱ्यात आला, तो केवळ कामाच्या शोधात नव्हे. जेथे गिऱ्हाईक जात विचारीत नाही, निदान दर वेळी विचारीत नाही, तेथे बसता यावे म्हणूनही तो आला असावा, असा आमचा तर्क आहे.

आमची वहाण तयार झाली. पायात घालून आम्ही दोन पावले टाकली. टाचेखाली जुन्या यंत्राचा पट्टा होता आणि बोटांत नवे चामडे होते. कारागिराने आमच्या पायाकडे नव्हे, शिवणीकडे पाहिले, आणि मग मान हलविली. त्याने सांगितले ते पैसे आम्ही मोजून दिले. कातड्याच्या जोड्यांची भाषा आम्ही त्याच्याशी बोललो नाही. ती आजवर पुष्कळ बोलून झाली आहे. त्याचे मूल काय शिकते, असे मात्र विचारले. मुलगी महाविद्यालयात जाते, असे तो म्हणाला. ही विद्या तिला शिकविणार काय, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता, पण आम्ही तो गिळला. ती हौसेने शिकेल तर उत्तम, न शिकेल तर तेही उत्तम. निवड तिची आहे, आणि तिच्या पणजोबांना मोटेची वहाण शिवताना नेमकी तीच नव्हती.